शेकडो फोटो एकाच वेळी लहान करण्यासाठी इरफानव्ह्यू

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फोनने काढलेला साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि तीन ते पाच एमबी जागा खातो. असे ४०० फोटो म्हणजे दीड जीबीच्या आसपास. रावेर-यावलकडून केळीच्या घडांचे फोटो परप्रांतातल्या व्यापाऱ्याला पाठवायचे, तरी हिशोब तोच. स्क्रीनवर पाहण्यासाठी लांब बाजू १६०० पिक्सेल असली की भागते, आणि तेवढ्याने फाइल बहुतेक वेळा अर्ध्या एमबीच्या आत येते.

विंडोजवर या कामाला इरफानव्ह्यू चांगला. १९९६ पासून चालत आलेला हा प्रोग्राम जुन्या, कमी रॅमच्या कॉम्प्युटरवरही पळतो. घरगुती वापराला फुकट आहे. स्टुडिओ किंवा व्यापारासाठी वापरणाऱ्यांनी लायसन्स घ्यावे. प्लगइन, म्हणजे प्रोग्रामला जादा सोयी जोडणारे छोटे भाग, वेगळे उतरवावे लागतात. प्रोग्राम ६४ बिटचा असेल तर प्लगइनही ६४ बिटचेच हवेत, नाहीतर ते चालत नाहीत.

सुरुवात करण्याआधी एक नवा, रिकामा फोल्डर करा. हे टाळू नका. लहान केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह झाला तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत, आणि उद्या अल्बमवाला किंवा फ्लेक्सवाला मोठी फाइल मागेल तेव्हा हातात काही नसते.

प्रोग्राम उघडून कीबोर्डवरचे बी दाबा. ‘फाइल’ मेनूतल्या ‘बॅच कन्व्हर्जन/रिनेम’ने जी खिडकी उघडते तीच ही. उजवीकडे फोटोंचा फोल्डर शोधून ‘ॲड ऑल’ दाबले की सगळी नावे यादीत येतात. डावीकडे ‘बॅच कन्व्हर्जन’ निवडा, आउटपुट फॉरमॅट जेपीजी ठेवा आणि आउटपुट डिरेक्टरीत तो नवा फोल्डर दाखवा. तिथले ‘यूज करंट डिरेक्टरी’ बटण दाबू नका, त्याने मूळ फोल्डरच निवडला जातो.

फॉरमॅटशेजारच्या ‘ऑप्शन्स’मध्ये क्वालिटी ८० ठेवा. ६०च्या खाली गेलात तर घोड्याच्या आयाळीभोवती आणि केळीच्या पानांच्या कडांवर चौकोनी ठिपके दिसू लागतात. १०० ठेवलेत तर फाइल फुगते आणि डोळ्यांना फरक काहीच कळत नाही. सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट असेल तर मात्र जेपीजी नको, पीएनजी ठेवा. बारीक अक्षरे फुटत नाहीत.

आता ‘यूज ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’वर टिक करून ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा. बहुतेकांची गडबड होते ती इथेच. ‘रिसाइझ’वर टिक केल्यावर हात आपोआप रुंदीच्या रकान्याकडे जातो. पण रुंदी १६०० दिली की आडवा फोटो १६०० बाय १२०० होतो आणि उभा १६०० बाय २१३३, म्हणजे उभे फोटो मोठेच राहतात. रुंदी-उंची दोन्ही भरून प्रमाण राखण्याची टिक काढली तर घोडा ताणला जातो. म्हणून ‘सेट लाँग साइड टू’ निवडून १६०० लिहा. आडवे-उभे दोन्ही नीट बसतात. सोबत या तीन टिक हव्यात: ‘प्रिझर्व्ह आस्पेक्ट रेशो’, ‘यूज रिसॅम्पल फंक्शन’ आणि ‘डोन्ट एन्लार्ज स्मॉलर इमेजेस’. तिसरी टिक नसेल तर आधीच लहान असलेले फोटो ताणून मोठे केले जातात, फाइल वाढते आणि चित्र धूसर होते. डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके) रकान्यात हात घालायची गरज नाही. ७२ लिहा की ३००, पिक्सेल तेवढेच राहतात. तो आकडा छपाईपुरता. याच खिडकीतले ‘ओव्हरराइट एक्झिस्टिंग फाइल्स’ आणि मूळ फाइल पुसून टाकणारा पर्याय, दोन्ही बंद ठेवा.

फोटोच्या फाइलमध्येच दडलेल्या एक्झिफ माहितीत तारीख असते आणि फोनचे लोकेशन चालू असेल तर शेताचा किंवा घराचा अचूक ठावठिकाणाही असतो. अनोळखी माणसाकडे फोटो जाणार असतील तर जेपीजी ऑप्शन्समधली ‘कीप ओरिजिनल एक्झिफ डेटा’ची टिक काढा. अशा वेळी फोटो आधी एक्झिफप्रमाणे सरळ फिरवून घ्यावे लागतात. फोन अनेकदा पिक्सेल न फिरवता फक्त ‘हा उभा आहे’ अशी नोंद करतो. ती नोंदच पुसली की फोटो आडवा पडतो.

दोन फोनचे फोटो एकत्र घेताना एकाच नावाच्या फाइल्स भेटतात. तेव्हा डावीकडे नाव बदलण्याचाही पर्याय घेऊन नमुन्यात ### लिहा, क्रमांक आपोआप पडतात. नावे रोमन अक्षरांतच ठेवा, काही वेबसाइट देवनागरी नाव घेत नाहीत.

परीक्षेच्या अर्जाचा फोटो या रांगेत घालू नका. तिथे २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी अशी अट अनेकदा असते. फोनच्या उभ्या फोटोचे प्रमाण यापेक्षा वेगळे, त्यामुळे आधी चेहरा धरून त्याच प्रमाणात क्रॉप करा आणि मगच आकार द्या.

सगळी यादी एकदम चालवण्याआधी पाच फोटोंवर करून पाहा: दोन आडवे, दोन उभे, एक व्हॉट्सॲपवरून आलेला. ते शंभर टक्के झूमवर नीट दिसले की उरलेले यादीत घालून ‘स्टार्ट बॅच’ दाबा. मध्येच लाइट गेली तर घाबरायचे कारण नाही, मूळ फोटो जागेवरच असतात. नव्या फोल्डरमधली शेवटची फाइल अर्धवट असू शकते. ती पुसा आणि तिथूनच पुढची यादी चालवा.