भेंडी टोकण्याआधी विहिरीचं पाणी तपासा

फेब्रुवारी अर्धा सरला. मुरबाड-शहापूरपासून भिवंडीच्या खाडीपट्ट्यापर्यंत उन्हाळी भेंडी, काकडीची टोकण सुरू आहे. पाणी तपासलंत का विचारलं की उत्तर ठरलेलं: "आज्यापासून हेच पाणी आहे, त्याला काय होतंय?"

आज्याच्या वेळी मोट होती, आता पाच अश्वशक्तीचा पंप आहे. खाडीलगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खालचं मचूळ पाणी वर येतं.

गेल्या एप्रिलमध्ये एका प्लॉटवर गेलो. भेंडीच्या जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या, वरंब्यावर पांढरी पूड. जिभेला लावली, खारट! दुकानदाराने 'सूक्ष्मअन्नद्रव्यांची कमतरता' सांगून तीन फवारण्या गळ्यात मारलेल्या. पाण्याची क्षारता (त्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) निघाली 3.4 डेसिसायमन प्रति मीटर. तोवर प्लॉट हातचा गेला होता.

म्हणून आजच नमुना घ्या. पंप अर्धा तास चालू द्या. लिटरची स्वच्छ प्लॅस्टिक बाटली (औषधाची, खताची अजिबात नको) त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. नाव, गट नंबर, तारीख चिकटवा आणि चोवीस तासांत पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पोचवा. पत्ता कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) विचारा. 'सिंचनासाठी तपासणी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसता पिण्याच्या पाण्याचा अहवाल हातात पडतो.

क्षारता 0.75 च्या आत असेल तर बिनघोर. 2.25 पर्यंत निचऱ्याच्या जमिनीत जपून. 2.25 च्या वर गेली तर भेंडी, वाल, काकडी नकोच. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लपणा) 6.5 ते 8.4 हवा. आरएससी (पाण्यात उरलेला सोडियम कार्बोनेट, लिटरला मिलिइक्विव्हॅलंटमध्ये) 1.25 पर्यंत ठीक, 2.5 च्या वर पाणी वापरू नका.

जिप्सम फक्त आरएससी जास्त असेल तरच: कमी करायच्या दर एककामागे 1 लाख लिटर पाण्याला 8.6 किलो शुद्ध जिप्सम. खाडीच्या मिठावर त्याचा उपयोग नाही. पाइपवर बसवायची चुंबकं आणि 'क्षार काढणारी' द्रावणं घेऊ नका, मीठ पाण्यातच राहतं. जमीनच खारवट असेल तर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात विचारा.

माझा आपला एक अंदाज: डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, की पाणी बिघडायला लागलं समजा. मचूळ पाण्यावर पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. तुषार सिंचन बंद ठेवा, पाणी मुळाशीच द्या.

बाकी कामं:
- वालाच्या शेंगांची तोडणी
- आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पाहणे
- कलिंगडाला पेंढ्याचं आच्छादन
- बांधाची डागडुजी, उधाणाआधी

तीच विहीर पिण्याची असेल तर नायट्रेटही मोजून घ्या. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उकळून ते जात नाही, उलट वाढतं, आणि तान्ह्या बाळाला ते बाधतं. मे अखेरीस दुसरी बाटली भरा, पाणी तळाला गेलेलं असताना.