बाळंतविडा घरी शिवताय? या चुका टाळा

डोहाळजेवण झालं की बाळंतविड्यासाठी, म्हणजे येणाऱ्या बाळाच्या कपड्या-अंथरुणासाठी, घरातल्या बायकांचे हात शिवशिवायला लागतात. माळ्यावरची जुन्या साड्यांची बोचकी खाली येतात, मशीनला तेल पडतं, आणि सगळ्यात आधी शिवायला काय घेतलं जातं? खणाची कुंची. लेस लावून, मागे चुण्या घालून, मोत्यांचं तोरण सोडून.

मीही तेच केलं होतं. पहिल्या खेपेला कुंचीच्या चुण्या तीनदा उसवून पुन्हा घातल्या, कारण त्या सारख्या पडत नव्हत्या. कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या. दवाखान्याच्या पिशवीत तेव्हा होती एक देखणी कुंची, दोन झबली आणि चार लंगोट. आईनं त्या रात्री वडिलांचं धुवट धोतर फाडून लंगोटांचा ढीग केला, कडा न दुमडताच. कुंची बारशाला अर्धा तास डोक्यावर राहिली, मग बाळानं टाहो फोडला आणि ती कपाटात गेली.

तेव्हापासून भाच्या-पुतण्यांना माझं एकच सांगणं असतं: जे दिवसाला दहा वेळा लागतं ते आधी, जे फोटोत दिसतं ते शेवटी. म्हणजे लंगोट, मग दुपटी, मग झबली, मग पातळ गोधड्या, टोपडी, आणि वेळ उरला तर कुंची नि पाळण्यावर टांगायचं चिमणाळं. लंगोट 25-30, दुपटी 6-8, झबली 8-10 एवढं तयार असलं की पुरे. बाळ पावसाळ्यात येणार असेल तर लंगोट दीडपट करा, कारण वाळतच नाहीत. 37 आठवडे भरले की दिवस भरत आले असं धरतात, तेव्हा छत्तिसाव्या आठवड्यात पिशवी भरलेली हवी.

कापड न भिजवता कात्री लावणं

नवं मलमल किंवा मांजरपाट आणलं की त्यात खळ असते. हाताला कडक, छान, कापायला सोपं. पण पहिल्या धुण्यात खळ जाते आणि कापड आटतं. सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं, आणि झबल्याला तेवढं म्हणजे काखेत रुतायला पुरेसं. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी साध्या साबणानं धुऊन दोन-तीन पाण्यांतून काढा, उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि मगच आखणी.

जुन्या साडीचं वेगळं. ती आटून झालेली असते, मऊ असते, म्हणून दुपट्याला तिच्यासारखं कापड नाही. पण ‘सुती आहे’ या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. पदराच्या टोकाचा एक दोरा ओढून घ्या, चिमट्यात धरा आणि निरांजनावर न्या. सुती दोरा भुरकन जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटांत चुरगळली तर मऊ राख होते. पॉलिस्टरचा दोरा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. थोडी राख नि थोडा मणी असं झालं तर मिश्र सूत. ती साडी पडद्याला वापरा. साडी सुती निघाली तरी अंगठ्यांनी ताणून बघा. चर्र आवाज करून विरली तर लंगोटाला नको, गोधडीच्या आतल्या पदराला चालेल. जरीचे काठ आधी उसवून बाजूला काढा. आपल्याला मऊ लागणारी जर नवजात गालाला ओरखडे काढते.

मोठ्यांच्या डोळ्यांनी माप घेणं

नवजात बाळ किती लहान असतं याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. लांबी साधारण 50 सेंटिमीटर, डोक्याचा घेर 33 ते 35, आणि छाती डोक्यापेक्षा दोनेक सेंटिमीटर कमी. म्हणजे बाळाचं डोकं हाच त्याचा सगळ्यात रुंद भाग. गळ्यातून घालायचं झबलं तिथेच अडतं, आणि मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काही ओढायचं म्हणजे नवख्या आईला घामच फुटतो. झबलं पुढून उघडं किंवा बाराबंदीसारखं एकावर एक येणारं करा, बंद कुशीला लावा. गळ्याशी नाडी अजिबात नको. बंद बोटाएवढे आखूड ठेवा, जेमतेम गाठ बसेल इतके. छातीला आठ-दहा सेंटिमीटर सैल ठेवलं की दोन महिने जातात.

आणखी एक गोष्ट दुकानातल्या झबल्यांत क्वचित दिसते: शिवण बाहेरच्या बाजूला. दिसायला उलटं घातल्यासारखं वाटतं, पण बाळाच्या अंगाला शिवणीचा काच लागत नाही. ओव्हरलॉकचा नायलॉन दोरा तर आतून नकोच. वेल्क्रो, टिचबटणं, टिकल्या, आरसे हेही नको.

लंगोटाची पट्टी बेंबीखाली दुमडता येईल अशी हवी. नाळेचा देठ गळून पडायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर तो उघडा आणि कोरडा राहायला हवा. आपण उंच कमरेचे लंगोट शिवतो आणि ओली घडी नेमकी तिथेच बसते.

सुया न मोजणं

हे मी आईकडून शिकले, आणि मार खाऊन शिकले म्हटलं तरी चालेल. ती गोधडी घालायला बसली की गादीच्या उशीवर पाच सुया टोचायची आणि उठताना मोठ्यानं मोजायची. एकदा चारच भरल्या. रात्रीचे दहा वाजले होते, आम्ही दोघी कंदिलासारखा टेबललॅम्प हातात धरून चटई झाडत होतो. सुई सापडली ती गोधडीच्या दोन पदरांमध्ये, आडवी, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मशीनची सुई मोडली तर तुकडे जुळवून पूर्ण सुई होते का बघा, मगच पुढचा टाका. तुकडा सापडला नाही तर ती गोधडी बाळाची नाही. शिवून झालं की तळवा दाबून उभा आणि आडवा फिरवा, मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. टाचण्या वापरायच्याच तर मोठ्या रंगीत डोक्याच्या. मी कच्चा टाकाच घालते.

गोधडी जाड करणं

‘बाळाला ऊब हवी’ म्हणून सहा-सात पदरांची वाकळ घालतात. ती एकदा ओली झाली की श्रावणात तीन दिवस वाळत नाही, मग तिला कुबट वास येतो आणि ती पायपुसण्याच्या रांगेत जाते. बाळाखाली घालायच्या गोधडीला तीन पदर खूप झाले, चार म्हणजे हद्द. साधारण दोन बाय अडीच फूट. एक मोठी करण्यापेक्षा चार लहान करा. धावदोऱ्याच्या ओळी बोटाबोटाच्या अंतरावर असू द्या. विरळ घातल्या तर दोन धुण्यांत आतला पदर गोळा होतो आणि बाळाच्या पाठीखाली गाठोडं येतं. दोरा सुती, गाठी दोन पदरांच्या आत.

मेणकापड मध्ये घालून शिवायची एक हुशारी दर पिढीत कुणालातरी सुचते. करू नका. ते घामटवतं, इस्त्रीत वितळतं आणि टाक्यांच्या भोकांतून गळतंच. मेणकापड वेगळं, गोधडीच्या खाली.

मोहरीची उशी

इथे वाद होणार हे मला माहीत आहे. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी आमच्याही घरात होती. पण आता बालरोगतज्ज्ञ स्पष्ट सांगतात: पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक अंथरुणावर निजवायचं, आणि जवळ उशी, लोड, मऊ खेळणी, सुटं पांघरूण नको. झोपेत नाक दाबलं गेलं तर बाळाला मान वळवता येत नाही. डोक्याचा चपटेपणा बहुतेक वेळा आपोआप भरतो. बाळ जागं असताना, आपली नजर असताना त्याला पोटावर ठेवलं तर आणखी चांगलं. शिवाय मोहरी ही मोहरीच. माझ्या जाऊबाईंच्या उशीवर दूध सांडत राहिलं आणि एका पावसाळ्यात तिला चक्क मोड आले होते.

आजेसासूबाई ऐकत नसतील तर उशी शिवा, खणाचा अभ्रा घाला आणि बारशाच्या तबकात मांडा. त्यांचं मन राहतं. टोपडं नि कुंचीचंही तसंच: झोपलेल्या बाळाच्या हनुवटीखाली गाठ नको.

लोकरकाम आणि चिमणाळं

हातमोजे-पायमोजे विणून झाले की उलटे करून आत बोट फिरवा. आतला सुटा दोरा बाळाच्या इवल्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय हे तासन्तास कळत नाही. दोऱ्याची टोकं विणीत आत ओवून मगच कापा. स्वेटरला जाळीदार वीण टाळा, बोटं अडकतात. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बरीचशी ॲक्रिलिक असते, तेव्हा खाली सुती झबलं हवंच.

पाळण्यावरच्या चिमणाळ्याला कापडी चिमण्या छान दिसतात. त्यांचे डोळे मण्यांचे न करता धाग्याचे भरा. नवजात बाळाला वीतभर-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, त्यामुळे फिकट गुलाबी-आकाशी चिमण्यांपेक्षा लाल-काळ्या-पांढऱ्या त्याला जास्त कळतात. म्हणून चिमणाळं खाली आणायचा मोह होतो, पण बाळाचा हात पोहोचेल इतकं नको. आणि बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं की चिमणाळं उतरवायचं, कितीही जीव लावून केलेलं असलं तरी.

डांबरगोळ्या आणि जुना पाळणा

शिवलेले कपडे महिनाभर ठेवायचे म्हणून पेटीत डांबरगोळ्या टाकणं, ही या लेखातली सगळ्यात गंभीर चूक. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, आणि ते आधी कुणाला ठाऊक नसतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ लागली की तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून, स्वच्छ पंच्यात बांधून ठेवा. वाटलं तर वाळलेला कडुनिंबाचा पाला, तोही बोचक्याबाहेर.

माळ्यावरचा घराण्याचा पाळणा रंगवायला काढाल तर तो रंग खरवडण्याचं काम गर्भारशीनं करायचं नाही, आणि घरातही नाही. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ नाकातोंडात जाऊ नये. दुसऱ्या कुणाकडून बाहेर, ओलं करून खरवडून घ्या.

आपल्याच शरीराचं न ऐकणं

शेवटच्या दोन महिन्यांत मांडी घालून तासन्तास बसू नका. खुर्ची, पाठीशी उशी, पायाखाली पाट आणि अर्ध्या तासानं उठून घरात दोन फेऱ्या. पायमशीन असेल तर पायाचं काम नवऱ्याला द्या किंवा हातानं शिवा. या काळात मनगटाशी सूज आली की बोटांना मुंग्या येतात, सुई हातातून निसटते. ते बरंच सर्रास आहे आणि बाळंतपणानंतर बहुधा जातं. डॉक्टरांना सांगा आणि विणकाम थांबवा. पण चेहरा किंवा हात एकाएकी सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर टाका तसाच सोडून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. शिवणाच्या नादात दुपारभर बाळ हललं की नाही हेच लक्षात राहत नाही, असं दोघी-तिघींनी मला सांगितलंय.

ग्रहणात गर्भारशीनं सुई-कात्री धरू नये म्हणतात. त्यात तथ्य नाही, पण वादही घालू नका. फुकटची दोन-तीन तासांची सुट्टी मिळते, कुशीवर आडवं व्हा. आणि ‘बाळ यायच्या आधी काही शिवायचं नाही’ असं मानणारं घर असेल, तर कापड भिजवून, कापून, चिठ्ठ्या लावून मावशीकडे ठेवून द्या. दोन दिवसांत सगळं उभं राहतं.

गेल्या रविवारी भाचीकडे जाऊन आले. पस्तिसावा आठवडा. पलंगावर अठ्ठावीस लंगोट, सात दुपटी, नऊ झबली, तीन गोधड्या. लोहचुंबक मी स्वतः फिरवलं. कुंचीचा खण तिनं हौसेनं आणलेला होता, हिरवा, गुळेदगुडचा, कापायला काढलेला. तो मी घडी घालून माझ्या पिशवीत टाकला. आधी डोक्याचं माप तर मिळू दे. बारशाच्या आदल्या रात्री शिवून देईन.