तळघरात पाणी येतंय? रंगाचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

तळघराची भिंत ओली दिसली की पहिला फोन वॉटरप्रूफिंगवाल्याला जातो, आणि गणित तिथेच चुकतं. पाणी जमिनीतून पाझरत असेल, घरातल्याच पाइपातून गळत असेल किंवा हवेतलं बाष्प भिंतीवर धरत असेल. तिन्हींची औषधं वेगळी.

ओल कुठली, हेच न बघणं

भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करा. त्यावर साधारण ६० सेंमी लांब-रुंद प्लास्टिक चारही कडांना टेप मारून चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर ते हवेतलं बाष्प. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या अंगाला आले तर पाणी भिंतीतूनच येतंय.

बाष्प निघालं तर बहुतेक जण ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडतात. दमट दिवसांत यानं ओल वाढते, कारण बाहेरची गरम हवा थंड भिंतीला लागून आणखी पाणी सोडते. खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखा. पाऊस नसतानाही ओल हटत नसेल तर पाइप तपासा.

बाहेर न बघता आतून लिंपणं

१०० चौरस मीटर छतावर २५ मिमी पाऊस पडला की २५०० लिटर पाणी होतं. पन्हळीचा पाइप हे सगळं भिंतीच्या पायाशी ओतत असेल तर आतल्या लेपाकडून काय अपेक्षा ठेवणार? पाइप पायापासून निदान दोन-तीन मीटर लांब न्या. भिंतीलगतची जमीन पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंमी तरी उतरती हवी. भिंतीला खेटून केलेले फुलझाडांचे वाफे हलवा. रोज पाणी घालून आपणच भिंत भिजवतो.

ओल्या भिंतीवर ऑइलपेंट

बाहेर एक मीटर पाणी साचलं की तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टन दाब येतो. आतून लावलेला रंग त्या दाबानं फुगतो आणि पोपडे निघतात. आतूनच काम करायचं असेल तर जुना रंग, भुसभुशीत गिलावा आणि पांढरा क्षार खरवडून काँक्रीट उघडं करा, ते भिजवा आणि सिमेंटवर आधारित लेप लावा.

भेगेवर नुसतं सिमेंट फासणं

भेग आधी छिन्नीने दोनेक सेंमी खोल उघडा. खाच तोंडाशी अरुंद, आत रुंद ठेवा, म्हणजे भरलेला माल बाहेर ढकलला जात नाही. पाणी वाहत असेल तर झटपट घट्ट होणारं हायड्रॉलिक सिमेंट भरून तीन-चार मिनिटं दाबून धरा. भेग आडवी असेल किंवा भिंत आत झुकली असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

संप पंप बसवला आणि विसरलो

संप पंप म्हणजे तळघराच्या तळाशी केलेल्या खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर फेकणारा पंप. त्याचा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता भाग, खड्ड्याच्या कडेला अडकतो, पंप गाळात बसतो, नाहीतर पावसातच वीज जाते. पंप विटेवर उचलून ठेवा, बॅटरी बॅकअप द्या आणि पावसाआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो आपोआप चालू-बंद होतो का बघा. पंप सारखा चालू-बंद होत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा. तो बिघडला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं.

भरलेलं तळघर घाईने उपसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जमीन पाण्याने तुडुंब असताना आतलं पाणी भराभर उपसलं तर बाहेरच्या दाबाला अडवणारं काही उरत नाही, आणि भिंत आत कोसळू शकते. बाहेरचं पाणी ओसरू द्या. मग ३० सेंमी उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी खुणेच्या वर गेली असेल तर पुन्हा एक दिवस थांबा.

पाण्यात पाय घालण्याआधी वीज तोडा. मेन स्विच तळघरातच असेल तर त्याच्यापर्यंत चालत जाऊ नका. वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. पेट्रोल-डिझेलचा पंप किंवा जनरेटर आत उतरवू नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. उपसल्यावर भिजलेल्या गाद्या, चटया, जिप्सम बोर्ड लगेच बाहेर काढा. २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते.