ट्रॅक्टर मिसिंग मारतोय? आधी नोझलला पाना लावू नका

मृग लागला की माझा फोन थांबत नाही. आठ महिने मांगरात ताडपत्रीखाली झोपलेला ट्रॅक्टर एका दिवसात चिखलणीला काढायचा असतो. मग इंजिन मिसिंग मारतं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि ते धडधडायला लागतं, आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काका, नोझल गेले असतले." नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी. कोणी सांगितलं? तर शेजारच्याने. त्याला कोणी सांगितलं? त्याचे गेल्या वर्षी गेले होते म्हणून!

मी बोलतोय ते आपल्याकडच्या जुन्या, दोन-तीन सिलिंडरच्या साध्या डिझेल ट्रॅक्टरबद्दल. त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. डिझेल, हवा आणि दाब, एवढ्यावर तो चालतो. तरी माणसं सुरुवात करतात ती सगळ्यात महागड्या टोकापासून.

यातली माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे टाकीकडे न बघता नोझलला डिझेल दाबाने पुरवणारा पंप उतरवणं. ही चूक मीही केलीय, म्हणून जास्त चीड येते.

आर्द्रा चालू होता. कुडाळच्या खालच्या अंगाला एका मळ्यात ट्रॅक्टर रुतून नाही, नुसता बंद पडून उभा होता. सकाळी पहिल्या फटक्याला चालू व्हायचा, वीसेक मिनिटं झकास चालायचा, मग आवाज फाटायला लागायचा, दोन-चार गचके आणि गप्प. पाव तासाने पुन्हा स्टार्टर मारला की जणू काही झालंच नाही. मी जाण्याआधीच मालकाने पंप उतरवून कोल्हापूरला कॅलिब्रेशनला (माप जुळवायला) पाठवून आणला होता, नोझलही बदलले होते. माझी अक्कल त्याच्यापेक्षा फार वर नव्हती. मी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा फीड पंप खोलला, डिझेलच्या पाइपांतली हवा काढली. वीस मिनिटं चालला, बंद. वर पाऊस धरलेला, तरवा (भाताची रोपं) उपटून मेरेवर (बांधावर) ठेवलेला आणि लावणीला आलेल्या बायका इरली घेऊन माझ्याकडे बघतायत.

तिसऱ्या दिवशी तो बंद पडल्यावर मालकाच्या मुलाने डिझेल किती उरलंय बघायला टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून आत हवा ओढली गेली. मी पाना हातात घेऊन तसाच उभा. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकलं होतं! डिझेल खाली जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती येत नाही, टाकी आतून ओढ धरते आणि पंपाला डिझेल मिळत नाही. इंजिन थांबलं की हवा कुठून तरी हळूहळू शिरते, म्हणून पाव तासाने पुन्हा चालू. खराट्याचा एक हीर लागला त्या दुरुस्तीला. मालकाने पैसे विचारले तेव्हा मी चहा मागितला, आणखी काय मागणार?

तेव्हापासून चालता चालता गळपटणारा ट्रॅक्टर दिसला की मी आधी झाकण सैल करतो आणि चालवून बघतो. सुधारला तर रोग सापडला. पण सापडल्यावर भोक साफ करा, झाकण सैलच ठेवून नांगरायला जाऊ नका. आपल्या पावसात त्या फटीतून किती पाणी जाईल ते सांगायला नको.

पाण्याचंही तसंच. डिझेलमध्ये पाणी म्हटलं की लगेच पेट्रोल पंपवाल्याला शिव्या. कधी त्याचा दोष असेलही, पण अर्ध्या रिकाम्या टाकीत आपलीच दमट हवा रात्री गार होऊन घाम धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी चालू करण्याआधी फिल्टरच्या किंवा टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करा आणि काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. क्वार्टरची रिकामी बाटली चालते, तिचा एवढा एकच चांगला उपयोग मला माहीत आहे. पाच मिनिटं ठेवली की पाण्याची रेघ खाली दिसते. मी टाकी संध्याकाळी भरतो, सकाळी नाही. ड्रम असेल तर एका बाजूला फळी घालून कलता ठेवतो आणि तळाचं डिझेल काढतच नाही. ते लाकूड पेटवायला.

हवा काढताना घाई नको. फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलचे नट, या क्रमाने. बुडबुडे थांबेपर्यंत हाताने फीड पंप मारायचा. त्याऐवजी स्टार्टर दाबत बसलात तर बॅटरी बसते आणि हवा तिथेच. काढलेला तांब्याचा वॉशर उलटा करून पुन्हा बसवणारे तर घराघरात आहेत. नवा वॉशर किती रुपयांचा येतो हो?

हवा तेलातून गाळणाऱ्या ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये रेघेच्या वर तेल घालू नका. इंजिन ते ओढून घेतं आणि तुम्ही बंद करायला गेलात तरी पळत राहतं. आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा) स्क्रू वाढवून धडधड लपवू नका. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचं सील तोडू नका. टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या फटीचं) माप त्या गाडीच्या पुस्तकातलं, काकांच्या अंदाजातलं नाही.

एवढं करूनही मिसिंग असेल तर कुठला सिलिंडर मेलाय ते शोधा. थंड इंजिन चालू करून थोड्या वेळाने एक्झॉस्टच्या (धुराच्या पाइपच्या) प्रत्येक फांदीवर पाण्याचा थेंब सोडा. तीन सिलिंडर असतील तर दोन ठिकाणी चर्र होईल, एका ठिकाणी थेंब तसाच बसून राहील. मग त्या सिलिंडरच्या पाइपचा नट किंचित सैल करा. आवाजात फरक पडला नाही तर आता नोझल काढायला माझी हरकत नाही. मात्र त्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो दाब कातडी फोडून आत जातो. आणि नोझल बाहेर आल्यावर टॉर्च मारून भोकात बघा. जुना वॉशर बऱ्याचदा तळाला चिकटून राहतो, आणि त्याच्यावरच नवा ठेवून नोझल आवळलेला मी गेल्या पावसात तीनदा उघडलाय.