अहंकार मारायला जाऊ नका, 'मी' कुठून उठतो ते बघा

सात वर्षं मी एक वही ठेवली होती. झोपण्यापूर्वी दिवसभरात 'मी'पणा किती वेळा उफाळला, त्याच्या रेघा ओढायचे. कधी नऊ, कधी चौदा. एका रात्री दोनच रेघा निघाल्या आणि मला मनापासून समाधान वाटलं. पेन खाली ठेवताना लक्षात आलं, की हे जे समाधानाने फुलून आलंय, तोच तर तो! रेघा ओढणाराही तोच होता. चोरालाच पोलीस केलं तर चोर सापडायचा कसा, असं तमिळनाडूतले संत रमण महर्षी म्हणत. त्याचा अर्थ मला त्या रात्री उमगला.

मायेचंही तसंच आहे. वेदान्तात दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त आहे. तिथे काठी चालवून काही होत नाही, उलट जितकी काठी हाणावी तितका साप खरा वाटत जातो. दिवा घेऊन जवळ जावं लागतं.

हे जवळ जाणं, म्हणजेच रमणांचा 'आत्मविचार', कसं करायचं, ते सांगते.

सकाळी वीस मिनिटं बसा. खुर्चीत बसलात तरी चालेल. विचार येतील, त्यांना हाकलू नका. एखादा विचार आला की स्वतःला विचारा, हा कोणाला आला? 'मला' असं उत्तर येतं. मग हा 'मी' कोण? इथे गप्प व्हायचं. 'मी आत्मा आहे' वगैरे वाचलेली उत्तरं लगेच पुढे सरसावतात, ती घेऊ नका. प्रश्नाचा जपही करू नका. प्रश्न एकदाच, आणि मग फक्त बघायचं.

मला सुरुवातीला हा 'मी' डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या आत बसल्यासारखा वाटायचा. बरेच दिवस मी त्यालाच धरून होते. नीट निरखल्यावर कळलं, की तो भुवयांमधला ताण आहे. म्हणजे तो मला जाणवतोय, मग मी त्याच्याही अलीकडे आहे. हे 'अलीकडे सरकणं' हाच सगळा अभ्यास आहे. जे जे दिसेल, जाणवेल, त्याला नाकारत बसायचं नाही. ते कोणाला दिसतंय, एवढ्याकडे वळायचं.

1896 साली, सोळा वर्षांच्या रमणांना मदुराईत एकाएकी मृत्यूच्या भीतीने घेरलं. ते भीतीशी झगडले नाहीत. हातपाय ताठ करून आडवे झाले आणि हे शरीर मेलं तर मरतं कोण, हे पाहू लागले. मला या प्रसंगातलं ते आडवं होणं फार मोलाचं वाटतं.

खरी कसोटी दिवसा लागते. मी केलेलं काम एका बैठकीत दुसऱ्याच्या नावावर खपलं. कानशिलं तापली, घसा आवळला. पूर्वी मी 'हा अहंकार आहे' म्हणत सगळं दाबलं असतं आणि आठवडाभर धुमसत राहिले असते. या वेळी एवढंच विचारलं, दुखावलंय कोण? दोन-तीन श्वास शोधलं. कानशिलं तापलेलीच होती, पण त्या तापाभोवती गोष्ट रचणारं कुणी हाती लागेना. मग शांतपणे सांगितलं, "हे काम मी केलंय." हे सांगणं आवश्यकच होतं. आत्मविचार अन्याय गिळण्यासाठी नाही.

दोन गोष्टी जपा. बसल्यावर येणाऱ्या गुंगीला शांती समजू नका. डोळे उघडा, चार पावलं चाला, पुन्हा बसा. आणि जग परकं, पोकळ वाटून भीती वाटू लागली तर अभ्यास थांबवा, जवळच्या माणसाशी बोला. नैराश्य असेल तर आधी डॉक्टर.

माझी पहिली पाच मिनिटं अजूनही कामांची यादी करण्यातच जातात. प्रत्येक कामाला विचारते, कोणाला आठवलं? चार-पाच फेऱ्यांनंतर कधीकधी प्रश्नच विरून जातो. तेव्हा तो परत ओढून आणत नाही, तशीच बसून राहते.