जुनी जपानी डेलिका घेताय? डिझेल की पेट्रोल ठरवताना या चुका टाळा

कॅनडात १५ वर्षं पूर्ण झालेली गाडी जपानमधून आणून रस्त्यावर उतरवता येते. अमेरिकेत त्यासाठी २५ वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे इकडे ब्रिटिश कोलंबियात मित्सुबिशी डेलिका ही व्हॅन जागोजागी दिसते आणि आपल्या मराठी मंडळींनाही तिची भुरळ पडलेली आहे. सहा-सात माणसं बसतात, फोर व्हील ड्राइव्ह आहे, मागे सामान टाकून डोंगरात जाता येतं. मला विचारायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "डिझेल घेऊ की पेट्रोल?" आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा डिझेल आधीच पक्कं केलेलं असतं, त्याला फक्त कोणाची तरी मान हलायला हवी असते.

इथे मी १९९४ नंतरच्या, स्पेस गिअर नावाच्या डेलिकाबद्दल बोलतोय. तिच्यात मुख्यतः दोन इंजिनं मिळतात, २.८ लिटरचं टर्बो डिझेल (फोर-एम-फोर्टी) आणि ३.० लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल (सिक्स-जी-सेव्हन्टी-टू). २.५ डिझेल आणि २.४ पेट्रोलही असतात, पण कमी.

भारतातलं गणित इथे लावणे

"डिझेल म्हणजे अ‍ॅव्हरेज" हे आपल्या डोक्यात क्वालिस-सुमोच्या काळापासून बसलंय. तिकडे तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होतं, म्हणून ते खरंही होतं. इथे पंपावरची पाटी वाचा. कित्येकदा डिझेलचा लिटरचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो.

आता वही काढा. व्ही-सिक्स १०० किलोमीटरला साधारण १६ लिटर पिते, डिझेल १२ च्या आसपास. वर्षाला ८,००० किलोमीटर चालवलीत तर फरक ३२० लिटरचा. त्यातून भावातला फरक वजा करा. डिझेलमध्ये तेल आणि फिल्टर लवकर बदलावे लागतात, तेही धरा. मग सांगा, डिझेलसाठी विक्रेता जे जास्त पैसे मागतोय ते किती वर्षांनी वसूल होणार? वर्षाला २५-३० हजार किलोमीटर हायवेवर काढणार असाल तर डिझेल जरूर घ्या. मुलांना शाळेत सोडायचं, किराणा आणायचा, शनिवारी मंदिरात जायचं, एवढंच काम असेल तर हे इंजिन हिवाळ्यात धड गरमच होत नाही. थंड इंजिनात काजळी साठते, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक (हवा आत जायचा मार्ग) चोंदतात, आणि मग "गाडीला पिकअपच नाही" म्हणून लोक येतात. अशांना मी सरळ पेट्रोल घ्यायला सांगतो.

(न्यूझीलंडमधल्यांनी हे गणित वेगळं मांडावं. तिथे डिझेल पंपावर स्वस्त दिसतं, पण दर १,००० किलोमीटरला रोड यूजर चार्ज (रस्ता वापरण्याचा कर) आगाऊ भरावा लागतो.)

मागच्या हीटरचे पाइप न बघणे

ही चूक पुन्हा पुन्हा बघून मी खरंच थकलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डेलिकाला मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर असतो. त्याला गरम कूलंट नेणारे लोखंडी पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. जपानमधल्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, इथेही टाकतात, आणि त्याने हे पाइप गंजतात. पाइप बाहेरून जाड वाटतो, पण क्लिपखाली, जिथे चिखल अडकून राहतो तिथे तो कागदासारखा पातळ झालेला असतो. त्या जागी कूलंट सुकून पांढरी-हिरवी पापडी धरलेली दिसली की समजा, पाइप गेला.

ओळखीच्या एका कुटुंबाने २.८ डिझेल घेतली. चकाचक गाडी, किलोमीटर कमी, आत पडदे. कूलंट महिन्यातून एकदा थोडं कमी व्हायचं, मग ते वरून पाणी घालायचे. "जुनी गाडी आहे, थोडं पिणारच." ऑगस्टमध्ये आई-वडील भारतातून आलेले, म्हणून सगळे कॅम्लूप्सला निघाले. होप सोडलं की कोकिहाला हायवेचा घाट लागतो, माथा १,२४४ मीटरवर. गाडीत सहा माणसं, सामान, एसी चालू, पाय एक्सिलरेटरवर दाबलेला. तापमानाचा काटा मधोमध होता, ते खूश होते. पुढे काटा चक्क खाली आला, ते आणखी खूश झाले. खरं तर पाइप फुटून कूलंट रस्त्यावर गेलं होतं आणि सेन्सरभोवती मोजायला पाणीच उरलं नव्हतं. मग ताकद गेली, वाफ आली, गाडी कडेला घेतली. घाईघाईत गरम इंजिनात बाटल्यांमधलं थंड पाणी ओतलं. हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) व्हॉल्व्हच्या मध्ये तडा गेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्यांनी गाडी आहे तशीच विकली.

या डिझेलचं हेड तापण्याच्या बाबतीत नाजूक आहे. कॉम्प्रेशन २१ ला १ (म्हणजे आतली हवा २१ पट दाबली जाते), त्यावर टर्बो, आणि इंजिन पुढच्या सीटांखाली कोंडलेलं. म्हणून माझी सवय सांगतो: गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात मागच्या हीटरचे पाइप बदलायचे. मागचा हीटर नकोच असेल तर लाइन पुढेच लूप करून बंद करायची. रेडिएटर, कॅप, थर्मोस्टॅट, होज एकदम नवे. फॅनचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की फॅन जोरात फिरवणारा भाग) तपासायचा. कूलंट कमी झालं की वाजणारा अलार्म बसवायचा, कारण काट्यावर माझा विश्वास नाही. घाटात खालचा गिअर, एसी बंद, आणि मागच्या गाड्यांना खुशाल पुढे जाऊ द्यायचं.

घेण्याआधी मेकॅनिककडून कूलंटची गॅस टेस्ट करून घ्या. टेस्टचं निळं द्रावण डिझेलमध्ये हिरवं झालं किंवा पेट्रोलमध्ये पिवळं झालं, तर इंजिनातला जळका गॅस कूलंटमध्ये शिरतोय. टेस्टला विक्रेता नाही म्हणाला तर गाडी सोडा, मग ती कितीही सुंदर असो.

गरम इंजिनाची गाडी बघणे

विक्रेत्याला सांगा, मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर सकाळी पुन्हा या. ग्लो प्लग (सुरू करताना थंड डिझेल इंजिन आतून तापवणारे प्लग) गेलेली डिझेल थंडीत बराच वेळ सेल्फ खाते आणि पांढरा धूर टाकते, गरम असताना मात्र पटकन सुरू होते. पेट्रोलला हा त्रास नाही. ग्लो प्लग बदलताना व्होल्टेज बघूनच घ्या, स्वस्त मिळाले म्हणून भलतेच लावू नका.

किलोमीटर बघून टायमिंग बेल्ट ठरवणे

व्ही-सिक्सला टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा रबरी पट्टा) आहे, २.८ डिझेलला चेन, २.५ डिझेलला पुन्हा बेल्ट. "फक्त ७०,००० झालेत" हे ऐकून बेल्ट तसाच ठेवू नका. रबर वर्षांनीही म्हातारं होतं. पुरावा नसेल तर बदला, सोबत वॉटर पंपही.

पार्ट कुठून येणार ते न विचारणे

व्ही-सिक्सचं सिक्स-जी-सेव्हन्टी-टू हे घराणं उत्तर अमेरिकेत मॉन्टेरोत (पजेरोचं इथलं नाव) आलं, डॉज कॅरॅव्हॅनमध्येही आलं. त्यामुळे बरेच पार्ट स्थानिक दुकानात मिळतात. २.८ डिझेल इथे कधी विकलंच गेलं नाही. पार्ट मागवावे लागतात आणि गाडी तोवर उभी राहते. भारतात पजेरो एसएफएक्सला हेच २.८ इंजिन होतं, म्हणून "पुण्याहून बॅगेत आणू" असं म्हणणारे भेटतात. आणा, पण पार्ट नंबर जुळवून. इंजिनला डिझेल पुरवणारा पंप आणि इलेक्ट्रिकचे पार्ट वर्षागणिक बदललेत.

बाकीच्या, थोडक्यात

ऑक्शन शीटवर (जपानमधल्या लिलावात गाडीची स्थिती नोंदवतात तो कागद) "एस" म्हणजे गंज, "सी" म्हणजे गंजून पत्रा खराब. गाडी आणून देणाऱ्या एजंटने भाषांतर केलं नाही तर दुसरा एजंट बघा.

कॅल्गरी-एडमंटनकडे राहत असाल आणि डिझेल घेताय, तर ब्लॉक हीटर (गाडी उभी असताना इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर) बसवूनच घ्या. जपानहून तो सहसा लागून येत नाही. आणि हिवाळ्यात उन्हाळ्यातलं उरलेलं डिझेल टाकीत ठेवू नका, ते गोठून फिल्टर बंद करतं.

वापरलेलं खाद्यतेल टाकीत ओतायचे प्रयोग करू नका. इंजिनला डिझेल पुरवणारा पंप महाग आहे.

विमा आणि तपासणीचं गाडी घेण्याआधी विचारा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचा विमा प्रांतागणिक वेगळा असतो, आणि ओंटारिओत तर काही विमा कंपन्या अशी गाडी घ्यायलाच तयार नसतात.