‘कॅन्सरवर हमखास इलाज’ : असा दावा कसा तपासायचा

घरात कॅन्सरचं निदान झालं की आठवडाभरात कुणीतरी सांगतंच, ‘अमक्या गावात एक वैद्य आहेत, तमक्याच्या मेव्हण्याला गुण आला.’ सांगणारा काका असतो, मामा असतो, तालमीतला दोस्त असतो आणि त्याची कळकळ खरी असते. त्याला झिडकारू नका. ‘चौकशी करू या’ म्हणा आणि खरोखरच करा. फक्त चौकशी चालू असताना ऑपरेशनची किंवा केमोची तारीख पुढं ढकलायची नाही, एवढं घरात आधीच ठरवून टाका.

सिद्ध कुणी करायचं, ते आधी पक्कं करा

‘हे औषध चालत नाही हे तुम्ही दाखवा’ असं कुणी म्हणालं तर त्या सापळ्यात शिरू नका. गुळाची ढेप घेताना कोपरा फोडून चाखवायचं काम विकणाऱ्याचं. केमोचं नवं औषध आणणाऱ्या कंपनीलाही रुग्णांवरच्या चाचण्यांचे आकडे सरकारपुढं ठेवावे लागतात, तेव्हा कुठं मान्यता मिळते. पुडी देणाऱ्याला वेगळा नियम कशाला?

बरा झालेल्याची फाइल मागा

फोटो नको, व्हिडिओ नको, फाइल. त्यात चार गोष्टी बघा. बायोप्सीचा रिपोर्ट आहे का? गाठ म्हणजे कॅन्सरच असं नसतं. तुकडा तपासल्याशिवाय तो कॅन्सर होता हेच ठरत नाही. स्टेज कुठली होती? पुडी सुरू करण्याआधी ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन झालं होतं का? आणि पुडीनंतरचा स्कॅन आहे का, की नुसतं ‘आता बरं वाटतंय’?

बहुतेक कहाण्या तिसऱ्या प्रश्नाला गळतात. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या कॅन्सरमुक्तीचं श्रेय कच्ची हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराला दिलं आणि ते घराघरांत पोहोचलं. पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमो झाली होती, हा भाग मागं पडला. टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून ‘याला ठोस पुरावा नाही, उपचार लांबवू नका’ असं सांगितलं. गुण आला असेल, पण कशाचा आला?

ज्यांना गुण आला नाही ते सांगायला येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. म्हणून वैद्यांना विचारा: आजवर किती जण आले, त्यांतले पाच वर्षांनी किती हयात आहेत? ‘हजारो बरे झाले’ हे उत्तर धरायचं नाही.

दावा कधी हरतो का, ते विचारा

माझ्या मते हा सगळ्यांत नेमका प्रश्न. ‘फरक पडला नाही तर औषध चुकलं, हे आम्ही कधी धरायचं?’ यावर ठरलेली उत्तरं येतात. पथ्य मोडलं असेल. उशिरा आलात. केमोनं शरीर आधीच पोखरलं होतं. श्रद्धा कमी पडली. फरक पडला तर औषधाचा, नाही पडला तर रुग्णाचा दोष! वर आजारी बाई ‘मीच चोरून चहा घेतला’ म्हणून स्वतःलाच बोल लावत राहते. कुठल्याच निकालानं खोटा ठरत नाही, तो दावा तपासण्याजोगाच नाही. तिथं चौकशी थांबवली तरी चालेल.

‘संशोधन झालंय’ म्हणाले तर

कशावर झालंय, ते बघा. काचेच्या बशीतल्या पेशी हळदीतल्या कर्क्युमिननं मरतात, हे खरं; पण गिळलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. बशी, उंदीर, माणूस या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. भारतात माणसांवरच्या औषधचाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद 2009 पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही फुकट बघता येते. नोंदणी क्रमांक मागा. मात्र क्रमांक म्हणजे चाचणी नोंदवली एवढंच; निकाल वेगळा मागायचा.

जर्दाळूच्या बियांपासून बनवलेलं लेट्राइल कॅन्सरवरचं औषध म्हणून ‘व्हिटॅमिन बी-17’ या नावानं अजून फिरतं. अमेरिकेत 178 रुग्णांवर ते तपासलं गेलं आणि 1982 मध्ये निकाल छापून आला: एकही बरा झाला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोहोचलं.

‘डॉक्टर झाडपाल्याच्या विरोधातच असतात’ हेही खरं नाही. दारातल्या सदाफुलीतून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर रोज वापरलं जातं. ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. पानं चावून नेमकं किती पोटात जातं, याचा काही पत्ता नसतो, म्हणून ते करू नका.

पुडीत काय आहे?

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर अशा पिशव्या येतात: करड्या भुकटीच्या पुड्या, वर निळ्या पेनानं ‘सकाळ’, ‘रात्र’. ना घटक, ना परवाना क्रमांक, ना तारीख. ‘भूक लागायला लागली, दुखणं कमी झालं’ असं चार दिवसांत ऐकलं की मला आधी स्टिरॉइडची शंका येते. अशा भुकट्यांत ते सापडलेलं आहे. काहीही घेत असाल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना पिशवी नेऊन दाखवा, रागावले तरी. पुडीनं यकृत बिघडलं तर केमो लांबणीवर पडते. आणि परवाना क्रमांक छापलेला असला तरी तो औषध बनवण्याचा असतो, कॅन्सर बरा केल्याचा दाखला नव्हे.

पैशाची अडचण असेल तर

पुष्कळदा विश्वासापेक्षा खर्चच पुडीकडं ढकलतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतात. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा.

नुसत्या पर्यायी उपचारांवर राहिलेल्या 281 रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास 2018 मध्ये आला. त्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता, म्हणजे उपचारांना दाद देण्याजोगा होता. तरी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. काकांना हे शांतपणे दाखवा.

जाहिरात दिसली तर

कॅन्सर बरा करण्याची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानं बेकायदा आहे. पत्रक, लेबल, तोंडी पुकारासुद्धा त्यात येतो. पत्रकाचा फोटो काढा, पिशवी आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.